जॅमर किती दिवस टिकतो? युक्रेनमधील रशियन इलेक्ट्रॉनिक युद्धाचा प्रकरण अभ्यास

एक्सकॅलिबर हा १५५ मिलिमीटरच्या तोफेतून सुटणारा अमेरिकी बनावटीचा गोळा आहे आणि एका गोळ्याची किंमत एक लाख डॉलरच्या घरात जाते. एवढी किंमत मोजायची ती एकाच गुणासाठी. गोळा हवेत गेला की जीपीएस उपग्रहांकडून स्वतःची जागा समजून घेतो, छोटे पंख हलवून मार्ग सुधारतो आणि कित्येक किलोमीटरवरच्या लक्ष्याच्या दोन-चार मीटरांत पडतो. २०२२ मध्ये तो युक्रेनच्या तोफखान्याच्या हाती आला, तेव्हा त्याची कामगिरी या लौकिकाला साजेशी होती. मार्च २०२४ मध्ये हडसन इन्स्टिट्यूटचे डॅन पॅट यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे दिलेल्या लेखी निवेदनात मात्र वेगळा हिशेब मांडला: सुरुवातीला ७० टक्के असलेली परिणामकारकता सहा आठवड्यांत ६ टक्क्यांवर आली होती. त्यानंतर दोन महिन्यांनी युक्रेनच्या अंतर्गत लष्करी मूल्यमापनाच्या आधारे बातम्या आल्या. २०२३ च्या जानेवारी ते ऑगस्टमध्ये यशाचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली घसरल्याचे आणि सैन्याने हा गोळा वापरणेच थांबवल्याचे त्यांत म्हटले होते. या काळात एकही गोळा हवेत पाडला गेला नव्हता. जे काही झाले ते जीपीएसचा संकेत बुडवणाऱ्या रेडिओ लहरींनी झाले.

ज्या सैन्याने हे घडवून आणले, त्याच सैन्याची वर्षभरापूर्वीची स्थिती आठवली तर प्रकरणातला पेच लक्षात येतो. मार्च २०२२ मध्ये कीव्हच्या पश्चिमेला मकारिव्हजवळ युक्रेनच्या सैनिकांना एक बेवारस कंटेनर सापडला, आणि तो ‘क्रासुखा-४’ या रशियाच्या सर्वाधिक गाजलेल्या जॅमरचा, म्हणजे गोंगाटाच्या लहरी सोडून दुसऱ्याचे संकेत बुडवणाऱ्या यंत्राचा, नियंत्रण कक्ष निघाला. टेहळणी विमानांचे रडार आंधळे करण्यासाठी बनवलेली ही यंत्रणा तिच्याच चालकांनी झाडाझुडपांत टाकून दिली होती. सैन्य एकच, सामग्री बहुतांशी तीच, मग वर्षभराच्या अंतराने निकाल इतके वेगळे का लागले? माझ्या वाचनात याचे उत्तर यंत्रांच्या माहितीपत्रकात सापडत नाही. आघाडी हलती आहे की थांबलेली, आणि प्रतिपक्षाला आपले उपकरण बदलायला किती दिवस लागतात, या दोन गोष्टींनी रशियन इलेक्ट्रॉनिक युद्धाचे यशापयश ठरवलेले दिसते.

पूर्वपीठिका

रशियन लष्करात इलेक्ट्रॉनिक युद्धाच्या शाखेला आद्याक्षरांवरून ‘रेब’ म्हणतात. युक्रेनियन सैनिकांच्या तोंडीही तोच शब्द असल्यामुळे पुढे इथेही तोच वापरला आहे. शाखेचा वार्षिक दिन १५ एप्रिलला असतो आणि त्यामागची घटना १९०४ सालची, रशिया-जपान युद्धातली आहे. पोर्ट आर्थरवर जपानी युद्धनौका लांबून तोफा डागत होत्या आणि गोळे कुठे पडत आहेत हे त्यांना पुढची जहाजे बिनतारी संदेशाने कळवत होती. तेव्हा ‘पोबेदा’ या युद्धनौकेवरच्या आणि किनाऱ्यावरील झोलोताया गोरा केंद्रातल्या रशियन चालकांनी आपल्या यंत्रांतून ठिणग्यांचा गोंगाट सोडून ते संदेश बुडवून टाकले. तोफेचा नेम सुधारणारा डोळा आणि तोफ यांच्यातला धागा तोडायचा, ही कल्पना तेव्हापासून आजपर्यंत फारशी बदललेली नाही. त्या काळी डोळा जहाजावर होता, आज तो ड्रोनवर आहे एवढेच.

२००८ च्या जॉर्जिया युद्धातील उणिवा उघड झाल्यानंतर २००९ पासून रशियाने या शाखेत मोठी गुंतवणूक केली. स्वतंत्र रेब ब्रिगेड उभ्या राहिल्या, प्रत्येक लढाऊ ब्रिगेडला स्वतःची रेब कंपनी मिळाली आणि पुढच्या दशकात नव्या यंत्रणांची रांगच लागली: उपग्रह फोन व जीपीएस दाबणारी ‘झितेल’, मोबाइल जाळ्यात घुसण्यासाठी ऑर्लान-१० ड्रोन वापरणारी ‘लीर-३’, लघुलहरींवर दूरवर परिणाम करणारी ‘मुर्मान्स्क-बीएन’, आणि मोबाइल मनोऱ्यांवर छोटे प्रक्षेपक बसवून प्रदेशभर उपग्रह दिशादर्शन बिघडवणारी ‘पोल्ये-२१’. पूर्व युक्रेनमधील डोनबासमध्ये २०१४-१५ साली युक्रेनियन तुकड्यांचे वायरलेस सेट आणि ड्रोन या यंत्रणांपुढे निष्प्रभ झाले, तेव्हा युरोपातील अमेरिकी लष्कराचे तत्कालीन प्रमुख बेन हॉजेस यांनी उघडपणे चिंता व्यक्त केली होती. २०१८ मध्ये अमेरिकेच्या विशेष दलांचे प्रमुख जनरल रेमंड थॉमस यांनी जगातले सर्वांत आक्रमक इलेक्ट्रॉनिक वातावरण सीरियात असल्याचे सांगितले. थोडक्यात, २०२२ च्या आक्रमणाला सुरुवात झाली तेव्हा रशियाच्या रेबचा दबदबा तिच्या आधी पोहोचला होता.

कीव्हच्या रस्त्यावर

पहिले काही तास हा दबदबा खरा ठरला. २४ फेब्रुवारीच्या पहाटे उत्तर युक्रेनमधील विमानविरोधी क्षेपणास्त्रांच्या रडारवर जोरदार जॅमिंग झाले, जोडीला फसवी लक्ष्ये सोडली गेली आणि अनेक रडारचालकांना पडद्यावर काय खरे, काय खोटे हे कळेनासे झाले. हल्ल्याला जोडूनच व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट उपग्रह सेवेवर सायबर हल्ला होऊन हजारो मोडेम निकामी झाले. त्याची झळ जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांच्या दूरनियंत्रणापर्यंत पोहोचली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत जॅमिंगचा जोर ओसरला. लंडनच्या रॉयल युनायटेड सर्व्हिसेस इन्स्टिट्यूटने त्याच वर्षाच्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत याचे एक प्रमुख कारण दिले आहे, आणि ते युक्रेनच्या प्रतिकाराशी थेट संबंधित नाही: रशियन जॅमर रशियन सैन्याचेच संदेशवहन बुडवत होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, अशी ही गत होती. जॅमर लहरींमध्ये मित्र आणि शत्रू असा भेद करत नाही. तो वारंवारतांच्या ज्या पट्ट्यात गोंगाट करतो, त्या पट्ट्यातला प्रत्येक ग्राहक, म्हणजे संकेत पकडणारे यंत्र, बहिरा होतो. त्यामुळे कोणता जॅमर, कोणत्या पट्ट्यात, किती वाजता, कोणत्या दिशेने चालू राहील आणि त्या वेळी आपले कोण गप्प बसेल, हे आधी ठरवून सर्वांपर्यंत पोहोचवावे लागते. मुक्काम ठरलेल्या सैन्याला ते जमते. एका रस्त्यावर मैलोन्‌मैल अडकलेल्या, रोज ठिकाण बदलणाऱ्या आणि आपण युद्धावर निघालो आहोत हे शेवटच्या घडीला कळलेल्या रशियन तुकड्यांना ते जमणे शक्यच नव्हते.

इथेच घोडे पेंड खात होते, कारण वेळापत्रक कळवायला जे सुरक्षित संदेशवहन लागते, तेच मुळात अपुरे होते. कूटबद्ध सेट सर्व तुकड्यांना पुरले नव्हते. बाजारात मिळणारे साधे हँडसेट आणि चक्क युक्रेनचे मोबाइल जाळे वापरून अधिकारी एकमेकांशी बोलत होते, आणि त्यांची संभाषणे युक्रेनियन गुप्तवार्ता विभागच काय, हौशी रेडिओ श्रोतेही ऐकत होते. रशियाने युक्रेनचे मोबाइल जाळे सरसकट का बंद पाडले नाही, असा प्रश्न त्या वेळी अनेकांना पडला होता. ते बंद पाडले असते तर रशियन सेनाधिकाऱ्यांनाही मुके व्हावे लागले असते, हे त्याच्या उत्तरातले एक अंग नक्कीच आहे. मकारिव्हचा तो बेवारस कंटेनर या गोंधळाची खूण म्हणून पाहावा. यंत्र वाईट नव्हते. त्याला बसायला जागा, वेळ आणि ऐकणारे सैन्य मिळाले नव्हते.

आघाडी थांबली आणि चित्र पालटले

कीव्हमधून माघार घेऊन रशियाने डोनबासवर लक्ष केंद्रित केले, तेव्हा आघाडीची रेषा दिवसाला शेकडो मीटरांनी सरकू लागली आणि रेबला हवे असलेले सगळे तिला मिळाले. कोणता जॅमर कुठे उभा राहील, त्याचा झोत कोणत्या दिशेला असेल, आपले ड्रोन कोणत्या वाटेने जातील, हे आठवडेच्या आठवडे न बदलणाऱ्या नकाशावर आखता येऊ लागले. याचा परिणाम उन्हाळ्यातच दिसला. वर उल्लेखलेल्या संस्थेच्या नोव्हेंबर २०२२ च्या अहवालानुसार युद्धाच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे फेब्रुवारी ते जुलै या काळात, वापरलेल्या ड्रोनपैकी सुमारे ९० टक्के नष्ट झाले. चार पंख्यांचा साधा ड्रोन सरासरी तीन उड्डाणे टिकत असे आणि स्थिर पंखांचा सहा. मे २०२३ च्या दुसऱ्या अहवालात रशियन मांडणी अधिक स्पष्ट होते: आघाडीच्या दर दहा किलोमीटरला एक मोठी रेब यंत्रणा, बहुधा रेषेमागे सात किलोमीटरवर, आणि युक्रेनचे नुकसान महिन्याला सुमारे दहा हजार ड्रोन.

हे आकडे वाचताना एक पथ्य पाळायला हवे. या नुकसानीत गोळीबाराने पडलेले, बॅटरी संपून पडलेले आणि चालकाच्या चुकीने गेलेले ड्रोनही मोडतात, त्यामुळे सगळे श्रेय रेबच्या पदरात टाकता येत नाही. पण ड्रोन पाडणे हा रेबच्या कामाचा अर्धाच भाग होता. युक्रेनचा तोफखाना संख्येने कमी होता आणि ती कमतरता तो अचूकतेने भरून काढत होता. अचूकता ड्रोनच्या डोळ्यावर टिकून होती. डोळा मिटला की तोफेला जुन्या पद्धतीने अंदाजाने गोळे टाकावे लागत, आणि गोळ्यांचा तुटवडा असताना तसे करणे परवडत नव्हते. पोर्ट आर्थरचीच ही युक्ती, आता हजार किलोमीटरच्या आघाडीवर पसरलेली.

जीपीएसचा नाजूक धागा

एक्सकॅलिबरच्या बाबतीत काय झाले हे समजण्यासाठी एक साधा हिशेब पुरेसा आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथून निघालेली लहर जमिनीवर पोहोचते तेव्हा तिची शक्ती इतकी क्षीण झालेली असते, की एका वॅटचे एकावर सोळा शून्ये इतके भाग केले तर त्यातला साधारण एक भाग ग्राहकाच्या वाट्याला येतो. भर बाजारात कोणी कानाशी कुजबुजावे, तसे हे ऐकणे आहे. काही किलोमीटरवरून ट्रकवर बसलेला काही वॅटचा प्रक्षेपक त्याच वारंवारतेवर ओरडू लागला, तर कुजबुज ऐकू येणे बंद होते. यात कोणतेही गुपित नाही, अतिप्रगत विज्ञानही नाही. म्हणूनच हा मार्ग स्वस्त आहे.

लष्करी ग्राहकांना कूटबद्ध संकेत मिळतो आणि गोंगाटाविरुद्ध काही प्रमाणात संरक्षणही असते. पण तोफगोळ्यात जागा कमी, अँटेना लहान आणि तोफेच्या नळीतला धक्का प्रचंड, त्यामुळे विमानात किंवा मोठ्या क्षेपणास्त्रात बसणारी सगळी उपाययोजना गोळ्यात बसवता येत नाही. शिवाय गोळा उडाल्यानंतर उपग्रहांचा संकेत पकडतो, म्हणजे संकेत शोधण्याची नाजूक घडी युद्धक्षेत्राच्या आकाशातच येते. हायमार्स या ट्रकवरच्या अमेरिकी प्रक्षेपकातून सुटणाऱ्या जीएमएलआरएस अग्निबाणांवर याच काळात परिणाम झाला, पण तो इतका टोकाचा नव्हता. त्यांच्यातली जडत्वीय दिशादर्शन यंत्रणा, म्हणजे बाहेरच्या संकेताविना स्वतःच्या हालचालीवरून जागा मोजणारी यंत्रणा, अधिक सक्षम आहे, स्फोटकही मोठे आहे, आणि सॉफ्टवेअरमध्ये वरचेवर दुरुस्त्या होत राहिल्या. इमारतीवर मारा करताना पंधरा मीटरची चूक खपून जाते; मातीत खोदलेल्या ठाण्यावर मारा करताना तीच चूक म्हणजे वाया गेलेला अग्निबाण. विमानातून टाकायच्या छोट्या बॉम्बला अग्निबाण जोडून बनवलेले जीएलएसडीबी हे अस्त्रही टिकले नाही. जमिनीवरून डागण्यासाठी बदललेले एक अस्त्र रेबमुळे युक्रेनमध्ये चालले नाही, असे पेंटागॉनचे खरेदीप्रमुख विल्यम लाप्लांट यांनी एप्रिल २०२४ मध्ये नाव न घेता मान्य केले, आणि तो रोख जीएलएसडीबीकडेच असल्याचे सर्वांनी ओळखले.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही त्याच आकाशातले आहे. २२ सप्टेंबर २०२३ रोजी सेव्हास्तोपोलमधील काळ्या समुद्राच्या नौदल ताफ्याच्या मुख्यालयावर स्टॉर्म शॅडो क्षेपणास्त्रे येऊन आदळली. क्राइमिया हा रशियन रेबने सर्वाधिक झाकलेल्या प्रदेशांपैकी एक होता. परंतु स्टॉर्म शॅडो जमिनीचा चढउतार मोजत येते आणि शेवटच्या टप्प्यात लक्ष्याचे अवरक्त चित्र आपल्या स्मृतीतल्या चित्राशी ताडून पाहते. केवळ बाहेरच्या संकेतावर विसंबून नसलेल्या अस्त्राला गोंगाटाने फारसे काही होत नाही. म्हणून ‘रशियन रेबने पाश्चात्त्य अचूक अस्त्रे निकामी केली’ हे सरसकट विधान मला पटत नाही; तिने उपग्रहाच्या एकाच धाग्यावर लोंबकळणारी अस्त्रे निकामी केली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

स्टारलिंक या उपग्रह इंटरनेट सेवेचा धडाही इथेच जोडून पाहावा. युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात युक्रेनमध्ये पोहोचलेल्या या सेवेवर रशियाने जॅमिंग केले, तेव्हा कंपनीने सॉफ्टवेअर बदलून ते निष्प्रभ केले. हा बदल साधारण एका दिवसात झाला, याचे पेंटागॉनचे इलेक्ट्रॉनिक युद्ध विभागप्रमुख डेव्ह ट्रेंपर यांनी एप्रिल २०२२ मध्ये जाहीर कौतुक केले, आणि आपल्या खात्याला तसाच बदल करायला किती वेळ लागतो ही त्यांची खंतही त्यात होती. एका दिवसात बदलणारी यंत्रणा एका बाजूला आणि कारखान्यातून निघाल्यावर तसाच राहणारा गोळा दुसऱ्या बाजूला, हा फरक त्या दोघांच्या नशिबात पुरेपूर उतरला. अर्थात एक दिवसाचा विजयही कायमचा नसतो. मे २०२४ मध्ये खार्किव्हच्या उत्तरेला रशियन चढाई सुरू झाली, तेव्हा त्या भागात स्टारलिंकचा वेग चांगलाच मंदावल्याच्या तक्रारी आल्या, आणि रशिया नव्या पद्धतींची चाचणी करत असल्याचे युक्रेनचे मंत्री मिखाइलो फेदोरोव यांनी सांगितले.

खंदकातली शर्यत

२०२३ पासून एफपीव्ही ड्रोनचा पूर आला आणि सात किलोमीटर मागे उभ्या असलेल्या मोठ्या यंत्रणांचे गणित अपुरे पडू लागले. कारण साधे आहे. एफपीव्हीला जीपीएस लागत नाही. चालक डोळ्यांवर चष्मा चढवून थेट चित्र पाहत त्याला हाताने उडवतो. त्याला दोन धागे असतात: चालकाकडून ड्रोनकडे जाणारा नियंत्रणाचा, सुरुवातीला बहुधा ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि ड्रोनकडून चालकाकडे येणारा चित्राचा, बहुधा ५.८ गिगाहर्ट्झवर. रणगाड्यावर बसवलेला जॅमर यातला पहिला धागा तोडू पाहतो, कारण त्याचा ग्राहक ड्रोनमध्ये आहे आणि ड्रोन रणगाड्याकडेच येत आहे. चित्राचा ग्राहक मात्र चालकापाशी, कित्येक किलोमीटर दूर असतो. त्याला बहिरे करायला रणगाड्यावरचा डबा पुरत नाही.

शेवटच्या काही सेकंदांचे चित्र पाहू. ड्रोन लक्ष्यापासून पाचशे मीटरवर असताना चालकाचा संकेत अजून जॅमरपेक्षा वरचढ असतो. जसजसे अंतर घटते तसतसा जॅमरचा आवाज चढत जातो आणि ड्रोन खाली झेपावू लागला, की मधल्या टेकाडामुळे चालकाचा संकेत आणखी क्षीण होतो. एका क्षणी पारडे फिरते आणि नियंत्रण सुटते. हा क्षण लक्ष्यापासून दोनशे मीटरवर आला तर ड्रोन भरकटून शेतात पडतो. तोच पन्नास मीटरवर आला तर ताशी शंभर किलोमीटर वेगाने येणारा ड्रोन दोन सेकंदांहून कमी वेळात, आपल्याच गतीने, लक्ष्यावर आदळूही शकतो. जॅमर चालू होता आणि रणगाडाही गेला, अशा दृश्यफितींचे उत्तर पुष्कळदा एवढ्यात असते. जॅमरची शक्ती दुप्पट केली म्हणून हे अंतर दुप्पट होत नाही, आणि गाडीच्या बॅटरीला मर्यादा असतात.

त्याहून मोठी अडचण वारंवारतेची होती. ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा जॅमरांनी भरला की ड्रोन बनवणारे त्याच्या खालचा पट्टा घेत, तो भरला की आणखी खालचा किंवा वरचा. मोठ्या कारखान्यात मंजुरी घेऊन बनवलेला जॅमर आघाडीवर पोहोचेपर्यंत त्याचा पट्टा रिकामा झालेला असे. त्यामुळे दोन्ही बाजूंना खंदकातले छोटे जॅमर स्वयंसेवक, छोटी दुरुस्तीकेंद्रे आणि तुकड्यांचे स्वतःचे तंत्रज्ञ जुळवू लागले. युक्रेनचे तत्कालीन सरसेनापती व्हालेरी झालुझ्नी यांनी नोव्हेंबर २०२३ मधल्या लेखात ड्रोनयुद्धात जिंकण्याची किल्ली रेबमध्येच असल्याचे आणि या क्षेत्रात रशिया पुढे असल्याचे कबूल केले होते. पण रशियाच्या या वरचढपणाचे स्वरूप तोपर्यंत बदलू लागले होते. २०२४ च्या वसंतात पत्र्याच्या शेडमध्ये कोंबलेले आणि छतावर जॅमरांची चळत रचलेले रशियन रणगाडे दिसू लागले. ते पाहून हसणाऱ्यांना त्यातले तर्कशास्त्र नंतर कळले: एक जॅमर एक पट्टा राखतो, म्हणून पट्टे तितके डबे.

एका छोट्या उपकरणाची नोंद इथे केलीच पाहिजे. युक्रेनियन खंदकांत ‘चुयका’ नावाचा शोधक वापरला जातो. एफपीव्हीचे चित्र बहुधा साध्या, न कूटबद्ध केलेल्या अॅनालॉग पद्धतीने पाठवले जात असल्यामुळे हा शोधक ते हवेतून पकडून आपल्या पडद्यावर दाखवतो. सैनिकाला शत्रूच्या ड्रोनला जे दिसते तेच दिसते; पडद्यावर ओळखीची झाडांची रांग आली, मग स्वतःचाच खंदक आला, की आता जॅमर चालू करायचा आणि खाली सरकायचे हे त्याला समजते. सतत चालू ठेवलेला जॅमर स्वतःच आपली जागा लांबपर्यंत जाहीर करतो आणि आपल्याच बाजूच्या ड्रोनना पाडतो. म्हणून ऐन वेळी वीस सेकंद चालू होणारा छोटा जॅमर, शोधकाच्या जोडीने, अहोरात्र गुणगुणणाऱ्या मोठ्या यंत्रणेपेक्षा त्या खंदकापुरता अधिक उपयोगी ठरला. शेरास सव्वाशेर भेटण्याच्या या खेळात ऐकणे हे ओरडण्याइतकेच महत्त्वाचे होते, ही बाब रशियन यंत्रणांच्या चर्चेत बरीच मागे पडते.

धागा टिकत नाही, तर तो काचेचा करा

६ ऑगस्ट २०२४ रोजी युक्रेनने कुर्स्क प्रांतात मुसंडी मारली, तेव्हा सुरुवातीला रेबचा फायदा युक्रेनच्या बाजूने होता. रशियन ड्रोनचे पट्टे आधी हेरून घेतले गेले, पुढे सरकणाऱ्या तुकड्यांबरोबर जॅमर सरकवले गेले आणि सीमेवरच्या रशियन तुकड्यांचे टेहळणी ड्रोन ऐन वेळी आंधळे झाले. कीव्हच्या रस्त्यावर रशियाला जे जमले नव्हते, ते इथे छोट्या प्रमाणावर आणि काही दिवसांपुरते जमले. हालत्या चढाईतही रेब चालू शकते, मात्र त्यासाठी कोणते पट्टे कधी दाबायचे हे प्रत्येक तुकडीला पाठ असावे लागते.

रशियाने याला दिलेले उत्तर या संपूर्ण प्रकरणातले सर्वांत बोलके पान आहे. जगातली सर्वांत मोठ्या रेब सामग्रीपैकी एक बाळगणाऱ्या सैन्याने लहरी वापरायचेच सोडून दिले. ‘क्न्याझ वान्दाल नोव्होगोरोद्स्की’ या नावाचा ड्रोन मागे केसासारखी बारीक काचतंतूची तार सोडत उडतो. नियंत्रण आणि चित्र दोन्ही तारेतून जातात, हवेत काहीच नसते, त्यामुळे जॅमरला बुडवायला आणि शोधकाला ऐकायला काही उरत नाही. तारेचे रीळ वाहावे लागल्याने स्फोटक कमी बसते, ड्रोन जड होतो आणि तार झाडात अडकते. पण चित्र शेवटच्या क्षणापर्यंत स्वच्छ राहते आणि ड्रोन रस्त्याकडेला जमिनीवर बसून गाडीची वाट पाहू शकतो. युक्रेनच्या तुकड्यांचा पुरवठा सुमीहून सुजा या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अवलंबून होता. २०२५ च्या सुरुवातीला रशियाच्या ‘रुबिकॉन’ या नव्या ड्रोन केंद्राच्या चालकांनी या ड्रोनच्या साह्याने तो रस्ता जळक्या गाड्यांनी भरून टाकला. गाड्यांच्या टपांवर जॅमर होते आणि ते चालूही होते. मार्चमध्ये सुजा युक्रेनच्या हातून गेले. त्याला इतरही कारणे होती, पण पुरवठ्याचा गळा आवळण्यात काचतंतूचा वाटा मोठा होता. युक्रेनने लवकरच तसेच ड्रोन मोठ्या संख्येने बनवायला घेतले, आणि रस्त्यांवर जाळ्यांचे बोगदे उभे राहिले.

इथे रेबची परिणामकारकता मोजायची कशी, हा प्रश्न अवघड होतो. काचतंतूचा ड्रोन जन्माला आला तो रेब प्रभावी होती म्हणून. आणि तो आला म्हणूनच ती त्या ठिकाणी निरुपयोगी ठरली. शत्रूला जड, आखूड पल्ल्याचे, झाडात अडकणारे हत्यार घ्यायला भाग पाडणे हेही यशच आहे, आणि अजूनही बहुसंख्य ड्रोन लहरींवरच उडत असल्यामुळे जॅमर काढून टाकणे कोणालाच परवडत नाही. या दृष्टीने पाहिले तर रेबचे फळ पडलेल्या ड्रोनच्या संख्येत जितके दिसते, तितकेच ते शत्रूने मोजलेल्या किमतीत दडलेले असते.

मोजमापाची अडचण युक्रेनच्या बाजूलाही तशीच आहे. रशियाचे शाहेद जातीचे लांब पल्ल्याचे ड्रोन उपग्रह दिशादर्शनावर उडतात. युक्रेनने ‘पोक्रोवा’सारख्या यंत्रणांनी त्यांना खोटे संकेत देऊन वाट चुकवायला सुरुवात केली, काही ड्रोन बेलारूसमध्ये शिरले. रशियाने त्यावर ‘कोमेता’ हे अनेक घटकांचे अँटेना बसवले, जे जॅमरच्या दिशेकडून येणारा संकेत कापून टाकते, आणि घटकांची संख्या चारावरून आठ, सोळा अशी वाढत गेली. दरम्यान रशियाच्या आत, १ जून २०२५ रोजी, युक्रेनने ११७ ड्रोन मालमोटारींतून दूरवरच्या हवाई तळांवरच्या बॉम्बफेकी विमानांवर सोडले. त्यांचे नियंत्रण रशियाच्याच मोबाइल जाळ्यातून होत होते. आघाडीवर दर दहा किलोमीटरला एक जॅमर ठेवणाऱ्या सैन्याला सायबेरियातला तळ या ड्रोनपासून राखता आला नाही, आणि त्या वर्षी रशियाच्या अनेक प्रांतांत ड्रोनच्या धास्तीने मोबाइल इंटरनेट बंद ठेवण्याची पाळी आली, तेव्हा भुर्दंड रशियन नागरिकांनाच पडला.

पाडलेल्या ड्रोनचे अवशेष सापडतात. भरकटलेल्याचे बहुधा काहीच सापडत नाही. युक्रेनचे हवाई दल २०२४ च्या शरद ऋतूपासून रोजच्या निवेदनात ‘रडारवरून नाहीसे झाले’ अशी एक वेगळी संख्या देऊ लागले होते. त्या संख्येत रेबने चुकवलेले शाहेद होते, तसेच रशियाने मुद्दाम सोडलेले, इंधन संपले की पडणारे स्वस्त फसवे ड्रोनही होते, आणि त्यांची विभागणी निवेदनात नसे. पुढे २०२५ मध्ये ती वेगळी संख्याही गेली. आता ‘पाडलेले किंवा दाबलेले’ असा एकच आकडा येतो.